ओळख नाही, मग विचारू कुणाला?

प्रश्न : ताई, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीने नाशिकला ये-जा करते. वडिलांची द्राक्षबाग आहे, नात्यात कुणीच कंपनीत नाही. सगळे म्हणतात, नेटवर्किंग कर. मी लिंक्डइनवर खातं काढलं आणि तिथल्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच साहेबांना ‘सर, प्लीज मला जॉब द्या, रेझ्युमे जोडला आहे’ असं पाठवलं. एकाचंही उत्तर आलं नाही. कार्यक्रमांना थांबावं तर शेवटची गाडी चुकते. शिवाय अनोळखी माणसांपुढे असं हात पसरणं लाचारीचं वाटतं. वशिला नसलेल्यांनी काय करायचं?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : तुला जे लाचारीचं वाटतं, ते तू एकदम नोकरीच मागतेस म्हणून. अंबडच्या एका कारखान्यात मी कितीतरी वर्षं एचआरमध्ये होते. तुझ्यासारखे मेसेज तिथल्या इंजिनिअरांना रोज येत. ते उत्तर देत नसत, पण त्यात तुटकपणा नसे. मेंटेनन्सच्या माणसाच्या हातात भरती नसतेच. नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून तो गप्प बसतो. त्याच माणसाला त्याच्या रोजच्या कामातलं काही विचार, तो भरभरून बोलेल.

म्हणजे असं लिही : ‘नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजची, इलेक्ट्रिकल, शेवटचं वर्ष. आपण पॅनल टेस्टिंगला आहात असं प्रोफाइलवर वाचलं. ट्रेनी घेताना वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येतं का हे जास्त बघतात, की पीएलसीचा कोर्स? परीक्षेआधी एकाच गोष्टीला वेळ देता येईल, म्हणून विचारते. सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.’ बस, एवढंच. (इतर वाचकांसाठी : पीएलसी म्हणजे यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर.) सोबत रेझ्युमे नको. त्यांना हवा असेल तर ते स्वतः मागतील. इंग्रजीसाठीही अडून राहू नकोस. नाशिकच्या शॉप फ्लोअरवर अर्धा दिवस मराठीतच जातो.

साहेबांऐवजी तुझ्या दोन-तीन वर्षं पुढच्या मुलामुलींना आधी विचार. लिंक्डइनवर तुझ्या कॉलेजचं पान उघडलंस की माजी विद्यार्थी कुठल्या कंपनीत आणि कुठल्या शहरात आहेत, ते गाळून बघता येतं. त्यांना स्वतःचा इंटरव्ह्यू अजून आठवत असतो. जनरल मॅनेजरला तो आठवत नाही.

नात्यात कुणी नाही, हे तू फार मनाला लावून घेतलं आहेस. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना जागेची खबर जवळच्या माणसाकडून आलेली नव्हती. ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून आली होती. कारण उघड आहे : आपल्या माणसांना जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

आता तुझ्याच गावाकडे बघ. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसचं किंवा कोल्ड स्टोरेजचं विजेचं पॅनल बंद पडलं की ते दुरुस्त करायला कोण येतं? माल आत, कॉम्प्रेसर बंद, मालक फोनवर फोन करतोय, आणि एक माणूस दार उघडून टर्मिनल तपासतोय. तो कुणाची पॅनल बसवतो, सुटे भाग कुणाकडून आणतो, कुणाकडे सर्व्हिस इंजिनिअर कमी पडतात, हे त्याला तोंडपाठ असतं. वडिलांना सांग, पुढच्या वेळी तो आला की मला हाक मारा. त्याचं काम संपेपर्यंत नुसतं बघ, मग चहा दे आणि विचार. नाशिकमध्ये स्विचगिअर आणि पॅनलचं काम किती पसरलंय, ते तुला कॉलेजच्या कुठल्याही सेमिनारपेक्षा तिथे जास्त कळेल. मला तरी तुझ्यासाठी हीच ओळख सगळ्यात मोलाची वाटते.

संध्याकाळच्या कार्यक्रमांचं मनातून काढून टाक. ठक्कर डोमला किंवा डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर औद्योगिक प्रदर्शन लागलं, तर दुपारी जा. गर्दी कमी असते, आणि स्टॉलवरचा इंजिनिअर मशीन उघडून दाखवायला मोकळा असतो.

अप्रेंटिसशिपसाठी तर ओळख लागतच नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराचं प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळतं. नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेव. मात्र कुठल्या कंपनीत अप्रेंटिसला खरोखर कामाला हात लावू देतात आणि कुठे वर्षभर रजिस्टर भरायला बसवतात, हे पोर्टल सांगत नाही. ते पुढच्या बॅचच्या ताईला विचार.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण मुली हे विचारायला लाजतात. पहिल्या मेसेजमध्ये मोबाइल नंबर देऊ नकोस. भेटायचं ठरलं तर कंपनीच्या ऑफिसात किंवा कॉलेजात, दिवसा, मैत्रिणीला सोबत घेऊन. ‘बाहेर कॉफीला ये, मग बघू’ म्हणणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस. नोकरीसाठी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्यालाही तोच न्याय.

ज्याने सल्ला दिला, त्याला काही आठवड्यांनी कळव : ‘सर, तुम्ही म्हणालात तशी ड्रॉइंग वाचायला घेतली, स्टार-डेल्टा स्टार्टरचं सर्किट आता न बघता काढता येतं.’ हे फार थोडी मुलं करतात. आमच्याकडे ट्रेनीची जागा निघाली की सुपरवायझर येऊन सांगायचे, ‘मॅडम, एक मुलगी आहे, सांगितलेलं करून दाखवते.’ ते नाव मी यादीत घालत असे. इंटरव्ह्यू मात्र तिलाही इतरांइतकाच कडक असे, त्यामुळे याला वशिला समजून मन खाऊ देऊ नकोस.

या आठवड्यात दोनच जणांना लिही. पाठवण्याआधी मजकूर मला दाखवावासा वाटला, तर मासिकाच्या पत्त्यावर धाड. मी वाचून कळवीन.