सई म्हणजे सखी, साय की साई?

प्रश्न : नातीचं नाव ‘सई’ ठेवायचं घाटतंय. मोबाइलवर शोधलं तर एका ठिकाणी अर्थ ‘मैत्रीण’, दुसरीकडे ‘फूल’, तिसरीकडे ‘पतिव्रता’ आणि चौथीकडे ‘साईबाबांची कृपा’. बारशाला कुणी विचारलं तर सांगायचं काय? (एक आजी, सातारा)

उत्तर : मैत्रीण. मूळ शब्द संस्कृत ‘सखी’. दोन स्वरांमध्ये आलेला ‘ख’ महाराष्ट्री प्राकृतात ‘ह’ होतो, जसं ‘मुख’चं ‘मुह’ झालं. त्याच नियमाने ‘सखी’ची ‘सही’ झाली आणि मराठीत तो ‘ह’सुद्धा विरून ‘सई’ उरली. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत नायिका मन मोकळं करते ते मैत्रिणीपाशी, आणि हाक मारते ‘सहि’ अशी. आपल्या ओव्यांमधली ‘सये’ तीच. अनेकवचन ‘सया’.

‘पतिव्रता’ हा अर्थ मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. प्राकृतात ‘सती’मधला ‘त’ गळून तिचंही ‘सई’ होतं. इतकंच काय, ‘शती’चंही ‘सई’च होतं; गाथासप्तशतीचं प्राकृत नाव ‘गाहासत्तसई’ आहे ते त्यामुळे. एकाच उच्चारात तीन वेगळे शब्द येऊन मिळाले. पण मराठी बायकांच्या तोंडी टिकली ती मैत्रीणच. ‘सये’ अशी हाक कुणी पतिव्रता म्हणून मारत नाही.

फुलाचा घोळ बहुधा सायलीमुळे होतो, कारण बऱ्याच सायलींना घरात सईच म्हणतात. दुधावरची साय हा वेगळा शब्द. षष्ठी लावली की फरक कळतो, सायीचा गोळा आणि सईचा फ्रॉक. ‘साई’ तर उघडच निराळं, तिथे ‘सा’ला काना आहे.

इतिहासातली सई कोण, असंही बारशाला कुणीतरी विचारणारच. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या आई सईबाई. माहेर फलटणच्या नाईक निंबाळकरांचं. 1659 मध्ये राजगडावर त्यांचं निधन झालं तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. साताऱ्याच्या आजीला माहेर-सासरची ही नाती आम्ही काय सांगावीत!

प्रश्न : ‘सई’ नावाच्या मुली बोलक्या, मित्रमैत्रिणींत रमणाऱ्या पण हट्टी असतात, असं वाचलं. यात तथ्य किती? आमच्या मुलीची रास मेष आहे, मग हे नाव चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते वर्णन सईचं नाही, कुंभ राशीचं आहे. शततारका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं गो, सा, सी, सू. ‘स’ हा ‘सा’तच धरतात, म्हणून सई दुसऱ्या चरणात आणि पर्यायाने कुंभेत जाते. कुंभ ही वायुतत्त्वाची, स्थिर रास आणि स्वामी शनी. वायू म्हणून बोलकी, स्थिर म्हणून हट्टी, असा तो हिशेब.

पण यात क्रम उलटा लागलाय. ज्योतिषात जन्मवेळच्या चंद्रावरून नक्षत्र आणि चरण ठरतो आणि त्यावरून अक्षर निघतं. अक्षर आधी ठरवून चंद्र हलत नाही. मेषेची मुलगी सई नावाने कुंभेची होत नाही. रूढ वाट अशी : अश्विनी, भरणी किंवा कृत्तिकेचा पहिला चरण, यांतलं जे असेल त्या अक्षराचं नावरस नाव पत्रिकेत लिहायचं आणि हाकेचं नाव सई ठेवायचं.

अंकशास्त्राचं म्हणाल तर त्यात पद्धती दोन. एस-ए-आय या स्पेलिंगचे खाल्डियन पद्धतीने 3, 1, 1 म्हणजे 5 होतात. पायथागोरसच्या पद्धतीने 1, 1, 9 म्हणजे 11, त्याचे 2. शेवटी आय काढून दोन ई घाला, पहिल्या पद्धतीत 14 म्हणजे पुन्हा 5, दुसरीत 12 म्हणजे 3. एकाच बाळाचे इतके स्वभाव! आमच्या मते नाव अर्थासाठी आणि कानाला गोड लागतं म्हणून ठेवावं.

प्रश्न : इंग्रजी स्पेलिंग कोणतं घालावं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हा प्रश्न राशीपेक्षा महत्त्वाचा. एस-ए-आय सर्वांत आटोपशीर आणि रूढ. दिग्दर्शिका सई परांजपे तसंच लिहितात. अडचण अशी, की महाराष्ट्राबाहेर ते ‘साई’ वाचलं जातं, आणि दक्षिणेत साई हे मुलग्यांचंही नाव असतं. तुमच्याकडे हे नक्की होणार. दोन ई घातले तर शेवटचा दीर्घ स्वर तरी लक्षात येतो. ‘वाय’ आणि दोन ई घातले तर लोक ‘सायी’ म्हणतात, ते टाळा.

आधार काढताना इंग्रजीत नाव टाकलं की शेजारी मराठी नाव आपोआप उमटतं, आणि तिथे हमखास ‘साई’ येतं. पावती निघण्याआधी पडद्यावरच काना काढून घ्या.

जन्माची नोंद 21 दिवसांत होते, पण तेव्हा नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून घरात स्पेलिंगवर एकमत होईपर्यंत रकाना कोराच राहू द्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा तिथली चूक पुढे सगळीकडे जाते.

प्रश्न : जुळ्या मुली आहेत. ‘सई-जुई’ कसं वाटतं? (एक बाबा, पुणे)

उत्तर : पाळण्यात छान. पण स्वयंपाकघरातून हाक मारलीत की ऐकू येईल फक्त शेवटचा ‘ई’, आणि एक तर दोघी येतील किंवा एकही नाही. सई ठेवायचंच असेल तर दुसरीला रेवा, मुक्ता असं ‘आ’वर संपणारं नाव द्या.