40 मुलांच्या वर्गात चित्रकला आणि विज्ञान एकत्र कसं घ्यावं?

तिसरीचा वर्ग आहे आणि साहित्याला पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मग हळदच घ्या. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून जाडसर कोऱ्या कागदावर लावा, वाळू द्या. मुलांना कापूस गुंडाळलेली काडी आणि कपड्याच्या साबणाचं पाणी देऊन चित्र काढायला सांगा. पिवळ्या कागदावर तांबडी रेघ उमटते! तेव्हा होणारा गलका होऊ द्या.

कारण लगेच सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, खायचा सोडा, मिठाचं पाणी देऊन कशाने कोणता रंग येतो याचा तक्ता मुलांनाच भरू द्या. लिंबाने तांबडी रेघ परत पिवळी होते, हे त्यांचं त्यांना सापडू दे. मग आम्ल-अल्कलीचं बोला: साबणासारख्या अल्कलीने हळद तांबडी होते, लिंबासारख्या आम्लाने परत पिवळी. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावूनच लाल होतं, हे घरी आजीला विचारून यायला सांगा. (चुना वर्गात मात्र नको, डोळ्यांना फार घातक.)

एक चित्र उन्हात, एक कपाटात ठेवा. उन्हातली हळद फिकी पडते, पुढचा तास त्यावरच घ्या.