पक्षकाराचा फोन आणि वकिलाची पाटी

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात ३१ वर्षं प्रॅक्टिस झाली, जास्त करून दिवाणी आणि चेक बाउन्स. मागच्या तारखेला पक्षकाराच्या व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून लावले, तर समोरचा वकील, माझ्या पोराच्या वयाचा, उठून म्हणतो सर्टिफिकेट कुठंय, हॅश व्हॅल्यू काय. मला कळलंच नाही. वरून ज्युनिअर म्हणते सायटेशन, म्हणजे जुन्या निकालांचे दाखले, एआयवरून काढू. आता शिकायचं की पाटी उतरवायची?
– एक वकील, धंतोली

उत्तर : पाटी कायले उतरवता भाऊ! तो पोरगा बरोबरच बोलला, पण एवढं घाबरायचं काम नाही. आधी बघा केस कधीची आहे. १ जुलै २०२४ च्या आधीपासून ट्रायल चालू असेल तर जुना पुरावा कायदाच लागतो, म्हणजे त्याचं कलम ६५ब, नंतरची असेल तर त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३. मोबाइल-कॉम्प्युटरमधला पुरावा लावताना दोन्हींत सर्टिफिकेट लागतं, आणि कलम ६३ च्या सर्टिफिकेटचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलाय, भाग अ आपल्या पक्षकारानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. हा तज्ज्ञ नेमका कोण, ते कलमात सांगितलेलं नाही, म्हणून भांडणं त्याच्यावरच होतात.

हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीनं काढला तर ६४ अक्षरं-आकडे येतात, आणि चॅटच्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळाच्या सगळा वेगळा येतो. आपण खरेदीखतावर अंगठा घेतो न, तसंच.

सर्टिफिकेट लावायचं राहिलं म्हणून केस गेली असं नाही. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, त्यात २०२० साली कोर्टानं सर्टिफिकेट सक्तीचंच ठरवलं, पण ट्रायल संपायच्या आत ते दाखल करू द्यायची मुभाही कोर्टाला ठेवली. उद्याच अर्ज टाका. आणि पक्षकाराला आजच फोन करून सांगा की बाबा तो मोबाइल विकू नको, रिसेट करू नको, चॅट उडवू नको. माझ्या एका पक्षकारानं दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये पुरावाच देऊन टाकला होता, वरून मला नवीन फोनचा कॅमेरा दाखवत होता!

एआयचं म्हणाल तर तारखांचा तक्ता, भाषांतराचा कच्चा मसुदा, एवढं करू द्या ज्युनिअरला, मात्र पक्षकाराचे कागद कुठल्याही फुकटच्या ॲपमध्ये टाकू देऊ नका, अशिलाचं गुपित सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, ॲपची नाही. सायटेशनच्या बाबतीत मी कडकच आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले निकाल कोर्टात लावले, निकाल खरे आहेत का म्हणून त्यालाच विचारलं तर तो हो म्हणाला, शेवटी वकील आणि फर्म मिळून ५००० डॉलर दंड बसला. आपल्याकडं ई-एससीआर या सुप्रीम कोर्टाच्याच ऑनलाइन संग्रहात त्याचे निकाल फुकट आहेत, तिथं उघडून पूर्ण वाचल्याशिवाय एकही निकाल पुरसिसला, म्हणजे कोर्टात देतो त्या लेखी निवेदनाला, जोडू नका.

बाकी त्या पोराला एकदा तर्री पोहे खाऊ घाला, हॅश कसा काढतात ते प्लेट संपायच्या आत दाखवेल तो, उलटतपासणी कशी घ्यायची ते तुम्ही सांगा त्याला.