ट्रान्समिट पॉवर कमी केल्याने सेन्सर नोडची बॅटरी वाचते का?

सेन्सर नोडची, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओने पाठवणाऱ्या छोट्या यंत्राची, ट्रान्समिट पॉवर (पाठवण्याची शक्ती) कमी केली तर बॅटरी किती जास्त टिकेल आणि कनेक्टिव्हिटी राहील का, असे आपण विचारले आहे. बॅटरी टिकेल, पण नगण्य. आणि त्या नगण्य बचतीपायी जाळे तुटू शकते.

सीसी२४२० ही अशा नोडांतली रेडिओ चिप शून्य डीबीएमवर (डीबीएम हे शक्तीचे लॉगरिदमिक एकक) पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि उणे २५ डीबीएमवर ८.५. म्हणजे हवेत जाणारी शक्ती तीनशे पटींहून अधिक घटवली, तरी प्रवाह जेमतेम निम्मा होतो. नुसते ऐकत राहायला मात्र तिला सुमारे १९ मिलिअँपिअर लागतात. पूर्ण लांबीचे पॅकेट (एका वेळी पाठवायचा माहितीचा तुकडा) सुमारे चार मिलिसेकंदांत निघून जाते. बॅटरी संपते ती ऐकण्यात. म्हणूनच २००२ मधल्या एस-मॅक या प्रोटोकॉलपासून (रेडिओ कधी वापरायचा हे ठरवणाऱ्या नियमसंचापासून) पुढच्या प्रोटोकॉलांनी रेडिओ झोपवण्यावर भर दिला.

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेत जमिनीचा ओलावा मोजणारे नोड बसवण्याच्या कामात मी होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव उघडा होता, तेव्हा नोडांमधले सगळे रेडिओ-दुवे उत्तम चालले आणि आमच्या वरिष्ठांनी बॅटरी वाचावी म्हणून पॉवर उतरवण्याचा आदेश दिला. पानोळा भरल्यावर दुवे तुटतील, हे मी तेव्हाच सांगितले होते, कारण पानांतले पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेते. डिसेंबरात तेच झाले. ज्यांचा पालक नोड (ज्याच्यामार्फत पॅकेटे पुढे जातात तो) हरवला, ते नोड रिसीव्हर अखंड चालू ठेवून नवा पालक शोधू लागले, आणि अशा स्थितीत २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल आठवडाभरही पुरत नाहीत. त्यातून गेटवेजवळचे (सगळ्या नोडांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राजवळचे) जे थोडे नोड जोडलेले उरले, त्यांच्यावर उरलेल्या बागेची पॅकेटे पुढे ढकलण्याचा भार पडून तेही लवकर संपले, आणि मागच्या ओळींतले नोड सेल शिल्लक असूनही मुके झाले. तरीही बैठकीत सेलच्या दर्जालाच दोष दिला गेला. ते निदान चूक होते, असे माझे आजही ठाम मत आहे.

जाळ्याची सरासरी बॅटरी दाखवणारा अहवाल म्हणूनच मी मानत नाही. गेटवेशेजारचा सर्वांत दुबळा नोड किती दिवस टिकेल, तेवढेच विचारावे. अँटेना मांडवाच्या वर न्यावी, पॉवर पूर्ण ठेवावी, रेडिओ वेळापत्रकाने झोपवावा आणि पालक सापडला नाही तर शोधाच्या दोन प्रयत्नांतले अंतर वाढवत न्यावे. गेटवेजवळ एक-दोन नोड जास्तीचे लावावेत. लीचसारख्या पद्धतीत नोडांचे गट करतात आणि गटाची माहिती पुढे पाठवणारा गटप्रमुख आळीपाळीने बदलतो हे खरे, परंतु मूळ लीच प्रत्येक नोड थेट बेस स्टेशनपर्यंत (गेटवेपर्यंत) पोहोचतो असे गृहीत धरते. पानांनी भरलेल्या बागेत ते गृहीतक टिकत नाही.

आपले नोड लोरा या लांब पल्ल्याच्या, संथ रेडिओ तंत्रावर असतील तर मात्र हिशेब वेगळा आहे. एसएक्स१२७६ ही लोरा चिप वीस डीबीएमवर पाठवताना सुमारे १२० मिलिअँपिअर घेते, ऐकताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि मोठ्या स्प्रेडिंग फॅक्टरला (जो वाढवला की पल्ला वाढतो पण वेग घटतो) एक पॅकेट सेकंदाहून अधिक काळ हवेत राहते. तेथे पॉवर कमी करणे योग्य आहे, पण दुव्याची मोजणी भर पानोळ्यात केल्यानंतरच.