ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्या पोरीस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

फ्रीस्टाइलचं टायमिंग उतरतंय आणि ब्रेस्टस्ट्रोकचं अडलंय, कारण तू हातांचे स्ट्रोक वाढवते आहेस. या प्रकारात जोर पायांचा. शिवाय पाय आखडून घेताना दर वेळी अंगाला ब्रेक लागतो. जितके स्ट्रोक जास्त, तितके ब्रेक जास्त. सावरकर तलावावर आठवडाभर हिशेब ठेव: ५० मीटरचे स्ट्रोक अधिक सेकंद. ३० स्ट्रोक आणि ४५ सेकंद म्हणजे ७५. तेच २६ स्ट्रोकांत आलं तर ७१, म्हणजे खरी प्रगती. ३४ स्ट्रोकांत ४४ आले तर नुसती फडफड झाली. मात्र घसरत राहण्याचाही अतिरेक नको. २०० मीटरला ग्लाइड लांब, ५० ला जवळजवळ नाहीच.

किक मारताना मांड्या पोटाखाली ओढू नकोस, त्या पाण्याला भिंतीसारख्या आडव्या येतात. टाचा कुल्ल्यांकडे आण. गुडघे खांद्यांपेक्षा रुंद नकोत, पावलं मात्र गुडघ्यांच्या बाहेर आणि चवडे बाहेर वळलेले. मग नडगीच्या आतल्या बाजूने आणि तळव्याने पाणी मागे ढकल, शेवटी पाय जुळव. एक पाऊल आत राहिलं की कात्री होते आणि पंच डिसक्वालिफाय करतात. उताणं पोहून किक मार. गुडघे पाण्याबाहेर डोकावले की चूक लगेच कळते. नदीत शिकलेल्यांना मान वर ठेवायची खोड असते (गोदाकाठी ती भरपूर दिसते). मान वर, की कंबर खाली.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर अंगावर काढू नकोस. तिथल्या अस्थिबंधावर किकचा ताण येतो. घोटे आणि खुबे आखडलेले असले किंवा किकचे मीटर एकदम वाढवले की तो चिडतो. आठवडाभर ही किक बंद, हाताचे सेट डॉल्फिन किकवर (दोन्ही पाय जुळवून माशासारखी लाट). सूज असेल तर डॉक्टर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा काठावर दहा मिनिटं खुबे-घोटे मोकळे केल्याशिवाय सूर मारायचा नाही.

टर्नला दोन्ही हात एकाच वेळी, पण एकमेकांपासून सुटे टेकले पाहिजेत. भिंत सोडल्यावर पाण्याखाली मांडीपर्यंत एकच पूर्ण पुल (हातांची ओढ), एक डॉल्फिन, मग ब्रेस्टस्ट्रोकची किक. दुसऱ्या पुलमध्ये हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्याआधी डोकं बाहेर हवं. १५ मीटरची मर्यादा ब्रेस्टस्ट्रोकला नाही, तरी दम संपेपर्यंत खाली राहून काही मिळत नाही. शेवटी पताका भिंतीपासून ५ मीटरवर असतात. तिथून किती स्ट्रोक लागतात ते पाठ कर, म्हणजे अर्ध्या स्ट्रोकवर भिंत येणार नाही. भिंत नीट गाठण्याची किंमत बघ: पॅरिस ऑलिम्पिक २०२४ मध्ये पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला सुवर्ण जिंकणारा मार्टिनेंगी ५९.०३ सेकंद, रौप्य वाटून घेणारे पीटी आणि फिंक ५९.०५.

५० मीटर की २००, हे आताच ठरवू नकोस. आपल्या भारताच्या संदीप सेजवालने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य मिळवलं, तेव्हा ब्रेस्टस्ट्रोकचं हे अंतर ऑलिम्पिकमध्ये नव्हतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते येतंय. तोवर दोन्हींची तयारी चालू ठेव.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि निकालपत्रक आईकडे फायलीत दे. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि पडताळणीत हेच कागद मागतात. सोमवारी स्ट्रोकांची वही घेऊन ये.

तुझे सर