आजोबांच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची असेल तर

ताई, तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: आजोबा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, वर्षश्राद्धाला चार महिने आहेत, नातवंडांना २४ पानी पुस्तिका काढायची आहे आणि लेख मागवले तर प्रत्येकाने ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ’ एवढंच लिहून पाठवलंय. चार महिने पुरतील, पण लेख मागवणं आता थांबवा आणि आधी आजींजवळ बसा. कागदपत्रं, फोटो, छपाई मागाहून होते. आजींच्या आठवणीतलं मात्र दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

एक बैठक पाऊण तासाच्या वर नको. पंखा बंद, रेकॉर्डिंगचा फोन फ्लाइट मोडवर आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा आवाजसुद्धा ठणकन येतो. खोलीत तुम्ही दोघीच असा. काका-आत्या बसले की मधेच साल दुरुस्त करतात, बोलणं तुटतं आणि आजी मुलांसमोर बोलायचं तेवढंच बोलतात. ‘आजोबा कसे होते?’ हा प्रश्न टाळा, उत्तर ‘देवमाणूस’ एवढंच येईल. त्याऐवजी आजोबांचा जेवणाचा डबा किंवा हिशोबाची वही त्यांच्या हातात द्या आणि विचारा: पगार झाला की पहिला खर्च कसला व्हायचा? रात्रपाळीहून आले की आधी अंघोळ की आधी चहा? रुसवा झाला की पहिलं कोण बोलायचं? उत्तर संपलं असं वाटलं तरी थोडं थांबा, बरंच काही त्यानंतर येतं. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करा आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

तारखांसाठी आजींना इसवी सन विचारू नका. नाशिककरांना काळ सिंहस्थ कुंभमेळ्यावरून आठवतो. १९८०चा, १९९१-९२चा, २००३चा, २०१५चा; थोरला कितवीत होता, घर कुठलं होतं, हे त्यावरून लागतं. गोदावरीचा १९६९चा आणि २००८चा पूरही तसाच: पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं होतं ते सांगता सांगता घरात तेव्हा कोण कोण होतं तेही निघतं. मग शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, पेन्शनचे कागद, जुनी शिधापत्रिका यांच्याशी ताडून पाहा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर जपून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख असू शकते. अशा वेळी ‘दाखल्यानुसार’ असं स्पष्ट छापा.

वंशावळीसाठी गोदाकाठी रामकुंडावरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींकडे, जा. त्यांच्या चोपड्यांत घराणं मूळ गाव आणि आडनावावरून सापडतं, हल्लीच्या पत्त्यावरून नाही. म्हणून मूळ गाव, तालुका, आधीचं आडनाव आणि आजोबांच्या आजोबांपर्यंतची नावं लिहून न्या. पूर्वज विधीला आले असतील तर त्यांच्या हातची नोंद किंवा सही मिळू शकते. परवानगी घेऊन तिचा फोटो काढा आणि निघण्याआधी या पिढीची नोंदही करून घ्या.

आता लेखनाचं. नवरा, बाप आणि आजोबा ही एकाच माणसाची तीन रूपं वेगवेगळी राहू द्या, त्यांची सरासरी काढू नका. मुलगा नापास झाला तेव्हा दोन दिवस न बोललेला बाप आणि नातवाच्या प्रगतिपुस्तकावर आकडे न बघता सही करणारा आजोबा, दोघेही खरे असतील तर दोघेही छापा. लेखात विशेषण आलं की लिहिणाऱ्याला विचारा, ‘असं तुम्हाला कशावरून वाटलं?’ ‘शिस्तीचे होते’पेक्षा ‘बाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघायचे आणि तरी जिन्यातून परत यायचे’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला ओळखू येईल. कर्ज, व्यसन, भावकीतला वाद याबद्दल शेवटचा शब्द आजींचा. त्या नको म्हणाल्या तर वगळा, पण त्या जागी खोटं गोड काही भरू नका.

फोटो चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो फ्रेममध्येच ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय टिपा. लहान फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनच्या बारकाईचं माप) स्कॅन केला तर दुपटीने मोठा छापला तरी नीट येतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारीक होऊन पोचतो. मागच्या बाजूला नावं मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

छपाईला ए-५ आकार आणि मधोमध पिना. पानं चारच्या पटीतच लागतात, २४ बरोबर आहेत. अक्षर १४ पॉइंट ठेवा, वाचणारे बरेच जण सत्तरीपुढचे असतील. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो म्हणजे साधा, चकाकी नसलेला, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड म्हणजे जाड, गुळगुळीत. फोटो जास्त असतील तर तेवढी चार मधली पानं आर्ट पेपरवर घ्या. प्रेसवाले जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतात तेव्हा रफार, ‘श्च’, ‘ॲ’ हमखास बिघडतात. म्हणून मूळ फाइल तपासून भागत नाही, प्रेसकडून आलेली पीडीएफच कागदावर काढून वाचा.

नावांची यादी मात्र आत्याला मोठ्याने वाचून दाखवा. सुना, जावई, लेकींची सासरची नावं, अकाली गेलेलं मूल: यातलं एक जरी सुटलं तरी ते दुखणं वर्षानुवर्षं राहतं, आणि नंतर चिकटवलेल्या शुद्धिपत्राने ते भरून येत नाही.

आणि तिथी गुरुजींकडून आजच पक्की करून घ्या. अधिक मास मध्ये नसेल तर ती इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. प्रेसला मजकूर तिथीच्या तीन आठवडे आधी द्या.