आईची दोन नावं, दाखल्यावर भलतंच

प्रश्न : लग्नात आईचं नाव बदललं; माझ्या जन्मदाखल्यावर ‘सुनीता’, तिच्या आधार-पॅनवर माहेरचं ‘मंदा’. एजंट म्हणतो, गॅझेट करा, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्या. करू का? (परळ)

उत्तर : आधी थांबा. गॅझेटने आईचं नाव बदलल्याचं जाहीर होईल, तुमच्या जन्माची नोंद आपोआप बदलणार नाही. बरेच जण इथेच पैसे घालवतात. नोंद दुरुस्त होते १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली, जिथे जन्म नोंदला त्याच पालिका वॉर्डाच्या निबंधकाकडे. नाव बदलण्यासारख्या दुरुस्तीला माहितगार अशा दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. आईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाचा पुरावा जोडा. प्रतिज्ञापत्रात ‘मंदा आणि सुनीता एकच’ स्पष्ट लिहा. ‘मंदा’ आणि ‘मंदाकिनी’ असा घोळ राहिला की फाइल परत आलीच म्हणा! मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. २०२३च्या दुरुस्तीनंतर त्यावर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं. तोंडी ‘नाही’ घेऊन परतलात, तर मुदत कुठून मोजणार?